युद्धपूर्व धाटणीचा हॉट रॉड : वारशात आलेल्या अर्धवट गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून मला नेहमी एकाच तऱ्हेची चौकशी येते. सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या आजोबांच्या किंवा शेजारच्या काकांच्या गॅरेजमधली जुनी फोर्ड आता आपल्याकडे आली आहे. चेसिस एकीकडे, इंजिन दुसरीकडे, बाकी सगळं खोक्यांत. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्याकडची १९२९ ची मॉडेल ए रोडस्टर, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली दोन आसनी फोर्ड, अशीच सासऱ्यांकडून आली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

युद्धपूर्व हॉट रॉड म्हणजे नेमकी कोणती गाडी?

अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धात उतरली. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत लॉस एंजेलिसच्या आसपासची तरुण पोरं फोर्डच्या जुन्या मॉडेल टी, मॉडेल ए आणि पुढे १९३२ पासूनच्या गाड्या स्वस्तात घ्यायची. मडगार्ड, बंपर, टप, जे सुटं होईल ते काढून टाकायचं, इंजिनावर काम करायचं आणि सुट्टीच्या आदल्या रात्री मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तलावांकडे निघायचं. म्युरॉक, रोझामंड, हार्पर आणि एल मिराज हे ते तलाव. हिवाळ्यातल्या पावसाने भिजून पुन्हा वाळले की त्यांची चिकणमाती टणक आणि मैलोन् मैल सपाट होते. तिथे घड्याळ लावून वेग मोजायचा, आणि गाडी धड राहिली तर सोमवारी तीच घेऊन कामावर जायचं. वेगासाठी अशी उघडी केलेली जुनी गाडी म्हणजे हॉट रॉड.

१९३७ च्या अखेरीस अशा पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि १९३८ मध्ये म्युरॉकला तिच्या शर्यती सुरू झाल्या. म्युरॉकचा तलाव आज एडवर्ड्स हवाई तळाच्या हद्दीत आहे. एल मिराजवर मात्र हीच संघटना अजूनही वेग मोजते.

पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हॉट रॉड म्हटलं की ज्वाळा रंगवलेली, क्रोमने लखलखणारी गाडी येते. ते युद्धानंतरचं रूप. युद्धाआधीची गाडी साधी असायची, बहुतेक वेळा काळी, भंगारवाल्याच्या आवारातून आणलेल्या भागांवर उभी राहिलेली. माझी कसोटी सोपी आहे. गाडीवर दिसणारा प्रत्येक भाग १९४१ सालच्या वीस वर्षांच्या पोराला मिळाला असता का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर तो भाग या गाडीवर नको.

अर्धवट प्रोजेक्ट ताब्यात आलाय. सुरुवात कुठून करू?

पाना हातात घ्यायच्या आधी कॅमेरा घ्या. गॅरेजमध्ये जी वस्तू जिथे आहे तिथेच तिचे फोटो काढा. कोणतं खोकं कशाशेजारी होतं, कोणता बोल्ट कुठल्या डब्यात होता, कोणता भाग हाताशी होता आणि कोणता माळ्यावर, यावरून आधीच्या माणसाचं काम कुठवर आलं होतं ते कळतं. घाईघाईने आवराआवर केली की ही माहिती कायमची जाते.

माझ्या सासऱ्यांच्या कपाटात कॉफीचे पत्र्याचे डबे होते. प्रत्येकात चिंधीत गुंडाळलेले भाग आणि सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तिसरा रॉड, दोन्ही बाजूंना शिम, हे बदलू नये.’ रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा दांडा. शिम म्हणजे बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमध्ये बसणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या. त्या कमीजास्त करून इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची फट जुळवायची असते. ती चिठ्ठी टाकून दिली असती तर त्यांनी मापून ठेवलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून मापावं लागलं असतं.

म्हणून पावत्या, वह्या, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं, पार्टच्या जाहिरातींवर केलेल्या खुणा, सगळं जपा. त्या माणसाला कोणती गाडी बनवायची होती हे आधी वाचून काढा. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून ठरतात. त्यांचे मित्र हयात असतील तर त्यांना एकदा गॅरेजमध्ये बोलवा. ‘हे हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याने अमक्याकडून घेतलं, हे तडकलेलं आहे’ अशी माहिती कुठल्याही कागदावर नसते.

कागदपत्रं सापडत नाहीत. आधी गाडी बनवली तर चालेल का?

नाही. आधी कागद.

मॉडेल ए च्या काळात गाडीची नोंद इंजिनच्या नंबरावर व्हायची. तोच नंबर कारखान्यात चेसिसच्या डाव्या रेलवरही ठोकलेला असायचा, पण तो बॉडीखाली झाकला जातो. आधीच्या मालकाने इंजिन बदललं असेल तर कागदावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नाही, आणि मग चेसिसवरचा नंबर हाच तुमचा पुरावा. बॉडी उचलली की तो शोधा, मऊ ब्रशने साफ करा, फोटो काढा. चेसिस सँडब्लास्टिंगला देताना ती जागा टेपने झाका आणि कारागिराला बोट ठेवून दाखवा. जोराच्या वाळूने उथळ ठोकलेले आकडे पुसले जातात.

कॅलिफोर्नियात मूळ मालक वारले असतील आणि प्रोबेटची, म्हणजे वारशासाठी कोर्टात जाण्याची, गरज नसेल, तर मृत्यूनंतर ४० दिवसांनी वारसाला मोटार वाहन विभागाच्या रेग ५ या नमुन्यावर गाडी नावावर करून घेता येते. गाडी या राज्यात नोंदलेली असली पाहिजे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते. मडगार्ड नसलेली गाडी रस्त्यावर चालते की नाही याचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. तुमच्या राज्याचे नियम आधी वाचा, मग मडगार्ड विका. खरं तर विकूच नका, माळ्यावर ठेवा.

गाडी मूळ स्थितीत आणावी की हॉट रॉड करावी?

मडगार्ड, टप, आतलं कापड, मूळ इंजिन, सगळं शाबूत असलेली गाडी वारशात आली असेल तर ती मूळ रूपातच ठेवा. मी हे आग्रहाने सांगतो. मॉडेल ए जवळजवळ ४८ लाख बनल्या, त्यामुळे सुटे सांगाडे, एकटी बॉडी, अर्ध्या गाड्या आजही मिळतात. हॉट रॉडसाठी त्या आहेत. न कापलेली, न उसवलेली गाडी दर वर्षी कमी होते आहे.

कुणीतरी आधीच मडगार्ड काढून, चेसिस कापून अर्धं काम केलेलं असेल, तर मात्र हॉट रॉड हाच तिचा सरळ मार्ग. ती उलट दिशेला न्यायची म्हणजे दुप्पट काम.

चार सिलिंडर की व्ही-८?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावर माझं मत ठाम आहे.

फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं, सपाट हेडचं आठ सिलिंडरचं इंजिन, १९३२ मध्ये आला. २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. मॉडेल ए चं चार सिलिंडरचं इंजिन २००.५ घन इंच आणि ४० अश्वशक्तीचं. आकडे पाहून कुणीही व्ही-८ कडे झुकेल. पण १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात तलावांवर राज्य होतं ते चार सिलिंडरवाल्यांचं, कारण सुरुवातीच्या व्ही-८ साठी वेग वाढवणारे सुटे भाग मिळतच नव्हते आणि चार सिलिंडरसाठी कपाटं भरून मिळत होते. एड विनफिल्डचे कार्बोरेटर, कॅमशाफ्ट आणि जास्त कॉम्प्रेशनची हेडं, जॉर्ज रायलीची ओव्हरहेड व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह हेडमध्येच असलेली) हेडं, क्रेगरची हेडं. बेल गावातल्या बेल ऑटो पार्ट्सच्या काउंटरवर हे सगळं मिळायचं. दशकाच्या शेवटाकडे पारडं फिरलं. व्हिक एडलब्रॉक यांनी १९३२ च्या आपल्या व्ही-८ रोडस्टरवर स्वतः तयार केलेला दोन कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारी नळ्यांची जोडणी) लावला आणि १९४१ मध्ये रोझामंड तलावावर ताशी १२१.४२ मैल, म्हणजे साधारण १९५ किलोमीटरचा वेग नोंदवला.

म्हणजे दोन्ही इंजिनं युद्धपूर्वच. मग निवड कशावर करायची? तुमच्याकडे जे आलंय त्यावर. वारशात चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याचे जुने वेगाचे भाग आले असतील, तर ते बाजूला ठेवून व्ही-८ घेऊ नका. नीट बांधलेलं चार सिलिंडरचं इंजिन हलक्या रोडस्टरला आजच्या रस्त्यावर ताशी ६०–६५ मैलांनी आरामात नेतं, आणि त्याचा तो जाड, ठोके मोजता येतील असा आवाज दुसऱ्या कशालाच नाही. शिवाय मॉडेल ए ची चेसिस त्याच वजनासाठी बनलेली आहे. त्यात व्ही-८ टाकायचा तर क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी), रेडिएटर, गिअरबॉक्स सगळंच बदलावं लागतं.

वारशात व्ही-८ आला असेल तर पैसे खर्च करण्याआधी ब्लॉक उघडा करून चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. या इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या खोल्यांमधून जाते. त्यामुळे ते तापतं, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडे जातात. १९३८ पर्यंतच्या जुन्या ब्लॉकना एका हेडला २१ स्टड असतात, नंतरच्यांना २४. दोन्हींची हेडं एकमेकांना बसत नाहीत. खोक्यातलं हेड विकत घेतलेल्या ब्लॉकसाठी आहे असं गृहीत धरू नका, भोकं मोजा.

इंजिन जॅम आहे. काय करू?

धीर धरा. लांब पाइप लावून क्रँक फिरवायचा मोह टाळा, रॉड वाकतो किंवा पिस्टनची कडा तुटते. स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मंनिम्मं मिसळून ओता. अॅसिटोन पेट घेतं, म्हणून गॅरेजचं दार उघडं आणि विडी-सिगारेट लांब. पातळी खाली गेली की पुन्हा ओता. आठवडा दोन आठवडे द्या.

तरी हललं नाही तर हेड काढा. मॉडेल ए चं हेड स्टडना गंजून धरून बसतं. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये पटाशी ठोकू नका, तिथे पडलेला ओरखडा पुढे पाणी गळायला जागा देतो. स्टडच्या भोवती तेल, थोडी उष्णता, पुन्हा तेल, असं करत राहायचं. हेड निघालं की सिलिंडरची भिंत दिसते, आणि मग लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके देता येतात. पुष्कळदा पिस्टन मोकळे असतात आणि अडकलेला असतो एखादा व्हॉल्व्ह, तेव्हा बाजूची व्हॉल्व्हची झाकणपट्टी काढून तिकडेही पाहा.

बॅबिट बेअरिंग ठेवावी की आधुनिक शेल बेअरिंग बसवावी?

मॉडेल ए मध्ये मेन (क्रँकच्या) आणि रॉडच्या, दोन्ही ठिकाणी बॅबिट हा पांढरा धातू थेट ओतलेला असतो, बाजारातून आणून बसवायची बेअरिंग नसते. चांगलं ओतलेलं आणि नीट बोअर केलेलं बॅबिट रस्त्यावरच्या वापराला पुरतं. ओतणारे जाणकार थोडे उरलेत, त्यांच्याकडे रांग असते, म्हणून ब्लॉक पहिल्या महिन्यातच पाठवा आणि तोवर चेसिसचं काम करा.

कॉम्प्रेशन वाढवणार असाल, दोन कार्बोरेटर लावणार असाल, हायवेवर धावणार असाल, तर शेल बेअरिंग (तयार मिळणारी, बदलता येणारी) आणि क्रँकला दाबाखाली तेल देण्याची सोय करून घ्यावी असं मला वाटतं. मूळ इंजिनात रॉडचे खालचे चमचे तेल उडवतात आणि त्यावर काम चालतं, जास्त फेऱ्यांवर ते अपुरं पडतं. मॉडेल ए च्या क्रँकला तोलवजनंही नाहीत. मॉडेल ए नंतर आलेल्या मॉडेल बी च्या इंजिनाच्या शेवटच्या वर्षांतली तोलवजनांची क्रँक मिळाली तर ती सोन्याच्या भावाने घ्यावी. फ्लायव्हील साठ पौंडांच्या आसपास जड असतं, ते लेथवर हलकं करून, क्रँक आणि क्लचसकट बॅलन्स करून घ्या. एवढ्या एका कामाने इंजिनाचा स्वभाव बदलतो.

हे बदल बाहेरून दिसत नाहीत, म्हणून माझ्या कसोटीला त्यांचा अडथळा नाही.

जुने वेगाचे भाग घ्यावेत की नव्याने ओतलेले?

वारशात जुना भाग आला असेल तर तोच लावा, पण तपासून. अॅल्युमिनियमची जुनी हेडं पाण्याच्या वाटांभोवती आतून खाल्लेली असतात, वरून चकचकीत दिसली तरी. पूर्वीच्या मालकांनी ती किती वेळा घासून सपाट केली हे कडेची जाडी पाहून कळतं. बसवण्याआधी गॅस्केट ठेवून, पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर चिकणमातीची गोळी लावून इंजिन हाताने पूर्ण फिरवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. पुष्कळ जुन्या हेडांचे नवे ओतीव नमुने आज मिळतात, आणि धातूच्या दर्जात ते बऱ्याचदा मूळपेक्षा सरस असतात. ‘जुना’ म्हणून विकत घेताना सावध राहा. नव्या ओतकामावर मुद्दाम चढवलेला डाग आणि ऐंशी वर्षांचा डाग वेगळे दिसतात, भोकांच्या आत पाहिलं की फरक कळतो.

गाडी खाली कशी बसवायची?

फोर्डमध्ये पुढे एक आणि मागे एक असे आडवे कमानपाटे (पाट्यांच्या स्प्रिंग) असतात. काही पाटे कमी करणं आणि मुख्य पाट्याचे डोळे, म्हणजे टोकांच्या गोल कड्या, उलट्या बाजूला वळवून घेणं, एवढ्याने गाडी पुरेशी खाली येते. युद्धपूर्व गाडी जमिनीला टेकलेली नसायची, तिला खडबडीत मातीवरून सुसाट जायचं असायचं. फार खाली नेऊ नका.

चेसिसवरचे रिव्हेट ढिले झाले आहेत का ते एकेकाला हातोडीने ठोकून पाहा. घट्ट रिव्हेट खणकन वाजतो, ढिल्याचा आवाज बोदा येतो. चेसिस वाकली आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण दोरीने मोजा. मॉडेल ए ची चाकांमधली लांबी १०३.५ इंच, १९३२ च्या फोर्डची १०६ इंच. दोन्हींचे भाग एकत्र करणाऱ्यांनी हे अडीच इंच लक्षात ठेवावेत.

ब्रेक मूळचेच ठेवू का?

मॉडेल ए चे ब्रेक सळ्यांवर चालतात. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ, पण नीट बसवलेले असतील तर ते चारही चाकं रोखतात. गोची होते ती झिजलेल्या पिनांमुळे. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई, आणि पॅडल निम्मं खाली गेलं तरी चाकाला पत्ता नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मूळचे ड्रम दाबलेल्या पत्र्याचे आहेत, ते तापले की फुगतात. ओतीव लोखंडाचे ड्रम आणि सगळ्या नव्या पिना घातल्या तर हलक्या, मंद गाडीला हे ब्रेक चालतात.

पण इंजिन सुधारलेलं असेल तर हायड्रॉलिक ब्रेक लावा. फोर्डने ते १९३९ मध्ये आणले, मोठ्या कंपन्यांत सगळ्यात शेवटी. म्हणजे १९३९ ते १९४१ चे १२ इंची ड्रमचे फोर्ड ब्रेक आपल्या कालमर्यादेत बसतात, आणि त्या काळच्या पोरांनीही हेच केलं. जुन्या आणि नव्या स्पिंडलचा आकार सारखा नसल्याने मधली रिंग लागते, ती तयार मिळते. ड्रमला तडा आहे का पाहा, आतला व्यास मोजा, आणि मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम कितीही देखणा असला तरी फेकून द्या.

एका ठिकाणी मात्र मी १९४१ ची कसोटी बाजूला ठेवतो. मूळचा मास्टर सिलिंडर एकाच वाटेचा आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. पायाखालच्या फळीखाली, कुणाला दिसणार नाही असा, दोन वाटांचा आधुनिक मास्टर सिलिंडर बसवा. सीटबेल्टही बसवा. या गाडीत तुमची मुलं बसणार आहेत.

गिअरबॉक्स?

मॉडेल ए च्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचं तंत्र शिकून घेतलं तर ती उत्तम चालते. बदलायचीच असेल तर १९३९ ची फोर्ड गिअरबॉक्स घ्या. १९४० पासून फोर्डने मोटारींत गिअरचा दांडा स्टिअरिंगवर नेला, त्यामुळे जमिनीतून वर येणाऱ्या दांड्याची ही शेवटची.

चाकं आणि टायर कोणते?

फोर्डच्याच तारांच्या रिंगा. मॉडेल ए ला १९२८–२९ मध्ये २१ इंची, १९३०–३१ मध्ये १९ इंची, १९३२ ला १८ इंची, १९३३–३४ ला १७ इंची आणि १९३५ ला १६ इंची चाकं आली. बोल्टांचा घेर सगळ्यांचा सारखाच, पाच बोल्ट साडेपाच इंचांवर. युद्धाच्या तोंडावर १६ इंची रिंगा, पुढे बारीक आणि मागे जाड टायर, ही पोरांची आवड होती. तिरप्या धाग्यांचे जुन्या नक्षीचे टायर आज नव्याने बनतात. खोक्यात आलेले जुने टायर कितीही खोल नक्षीचे असले तरी भिंतीला टांगा, गाडीला लावू नका.

पत्रा गंजलाय. नवीन बॉडी घेऊ का?

ओहायोतली ब्रुकव्हिल ही कंपनी मॉडेल ए आणि १९३२ च्या रोडस्टरच्या पूर्ण पोलादी बॉडी नव्याने बनवते, आणि काम चांगलं आहे. तरीही वारशात आलेली बॉडी वाचवता येत असेल तर वाचवा. गंज बहुधा खालच्या चार-सहा इंचांत असतो, म्हणजे दाराच्या तळाशी, मागच्या चाकाच्या कमानीत, बॉडीखालच्या रेलमध्ये. तेवढे तुकडे तयार मिळतात. बॉडी चेसिसवर बोल्टने कसून, दारं लावून, फटी सारख्या आल्यावरच वेल्डिंग करा, आधी केलं तर दार पुन्हा कधीच नीट लागत नाही.

पेट्रोलची टाकी मॉडेल ए मध्ये काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या मागे असते, म्हणजे थेट तुमच्या गुडघ्यांच्या वर. टाकी आतून साफ करून, गळती तपासून, खालचा कॉक नवा टाका. इथे काटकसर नको. वेल्डिंगचं काम टाकीजवळ येत असेल तर ती आधी गाडीतून उतरवा.

रंग कोणता?

काळा किंवा फोर्डचा त्या काळचा गडद निळा. चमक कमी चालेल. जुना रंग निम्मा जरी शिल्लक असेल तर तो तसाच ठेवून पॉलिश करा. कुणी चौऱ्याऐंशी थर चढवून आरसा केला तरी त्या रंगाची सर येत नाही.

वायरिंग १२ व्होल्ट करू का?

गरज नाही. मूळचं सहा व्होल्टचं आहे आणि बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असतं, हे विसरून उलट जोडू नका. सहा व्होल्टला जाड वायर आणि घासून स्वच्छ केलेली जोडणी लागते. लोक पातळ वायर टाकतात आणि मग स्टार्टर मरगळलाय म्हणतात.

आधीच्या माणसाचा एखादा निर्णय पटत नाही. बदलू का?

सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर लगेच बदला. कच्चं वेल्डिंग, कापून जोडलेलं स्टिअरिंग, बारीक बोल्ट, यांत भावनेला जागा नाही.

आवडीनिवडीचा प्रश्न असेल तर थांबा. माझ्या सासऱ्यांनी काच चार बोटं कापून ठेंगणी केली होती आणि मला ती उंच हवी होती. त्यांच्या वहीत गाडीचं बाजूने काढलेलं चित्र सापडलं तेव्हा कळलं की रेडिएटर, काच आणि मागची डिकी यांची एक तिरकी रेघ त्यांनी आखली होती, आणि काच उंच केली असती तर ती रेघ मोडली असती. काच तशीच राहिली. अर्धवट गाडीत असा एक अख्खा विचार दडलेला असतो. तो समजून घेतल्यावरही पटला नाही तर खुशाल बदला, गाडी आता तुमची आहे. पण काढलेला भाग चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतरच्याला निवड करता येईल.

वारशात युद्धानंतरचे भाग आले असतील, समजा १९४९ चं इंजिन किंवा १९५० च्या दशकातले मीटर, तर दोन वाटा आहेत. ते विकून युद्धाआधीचे घ्यायचे, किंवा गाडीचं साल पुढे सरकवून ती १९५० ची गाडी म्हणून पूर्ण करायची. दुसरी वाटही तितकीच खरी आहे. दोन्हींची खिचडी मात्र करू नका.

खर्च किती येईल?

इंजिनाचं मशीनकाम, बेअरिंग आणि ब्रेक हे मोठे खर्च. तिथे पैसे राखून ठेवा आणि ते स्वतःच्या हाताने करू नका. स्वतःच्या हाताने करण्यासारखं म्हणजे सुटं करणं, साफसफाई, वायरिंग, साधं पत्राकाम, रंगाची पूर्वतयारी. खोक्यात दुप्पट आलेले भाग विकून किंवा अदलाबदल करून बराच खर्च निघतो, या छंदात अदलाबदल आजही जोरात चालते.

भारतात, महाराष्ट्रात अशी गाडी बनवता येईल का?

रस्त्यावर चालवायला, नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले, ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. पण अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असलं पाहिजे. हॉट रॉड त्यात बसत नाही.

आणि बसत असता तरी मी करू नका असंच म्हटलं असतं. फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली होती, मुंबईत गाड्यांची जुळणी व्हायची, आणि उजव्या स्टिअरिंगच्या त्या गाड्या कॅनडाच्या फोर्डकडून यायच्या. त्यातल्या उरलेल्या मोजक्याच आहेत. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या एखाद्या वाड्यात आजोबांची अशी फोर्ड उभी असेल तर तिचा बोल्टही न बदलता ती जपा. बेअरिंग, ब्रेक, टाकी, जॅम इंजिन यांबद्दल वर जे लिहिलंय ते तिलाही जसंच्या तसं लागू आहे.

अशा गाड्या प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

एल मिराजच्या शर्यतींना जा, तिथे चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनांसाठी वेगळा गट आहे आणि मालक आनंदाने बॉनेट उघडून दाखवतात. न्यू जर्सीत वाइल्डवुडच्या समुद्रकिनाऱ्यावर जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. पोमोना इथलं वॉली पार्क्स एनएचआरए संग्रहालय आणि नेब्रास्कात लिंकन इथलं अमेरिकन स्पीड संग्रहालय, दोन्ही पाहावीत. लिंकनला तर मॉडेल टी आणि ए साठी बनलेली हेडं दालनंच्या दालनं मांडून ठेवली आहेत. आपल्या खोक्यातला अनोळखी भाग तिथे काचेमागे दिसतो आणि त्याचं नाव कळतं.

गाडी तयार झाली. पहिल्यांदा रस्त्यावर काढताना काय बघू?

इंजिन गरम होऊन थंड झालं की हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने पुन्हा कसा, मॉडेल ए ला मूळ लोखंडी हेडसाठी ५५ फूट-पौंड. असं तीन-चार वेळा करावं लागतं, गॅस्केट बसत जातं. अॅल्युमिनियमचं हेड असेल तर पूर्ण थंड झाल्यावरच कसा. पुढच्या चाकांची समोरची टोकं मागच्या टोकांपेक्षा इंचाच्या सोळाव्या भागाएवढी एकमेकांच्या जवळ ठेवा. पहिली फेरी घराभोवती, कमी वेगात, मागे दुसरी गाडी ठेवून. परत आल्यावर चारही ड्रमना हात लावून पाहा, एकच जास्त तापला असेल तर तो घासतोय. स्टिअरिंगच्या प्रत्येक नटात पिन आहे का, चाकाचे नट ढिले पडलेत का, रेडिएटरच्या खाली ओल आहे का, हे पाहा. तारांच्या रिंगांचे नट नव्याने रंगवलेल्या चाकावर हमखास ढिले होतात, कारण नटाखालचा रंग दबतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक फेरीनंतर ते कसा. पहिलं तेल लवकर बदला आणि ते पांढऱ्या कापडातून गाळून बघा. चंदेरी कण दिसले तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, आधी तळाचं पॅन उतरवा.